पोपटी साडी, जांभळं ब्लाउज

परवा समोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला आणि मला कळलं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. दुपारचे रस्ते ओस पडतात, कूलरच्या वाळ्याला पाणी मारलं की खोलीभर ओला वास पसरतो, कुंभाराच्या गाडीवर घागरी दिसायला लागतात आणि माहेरवाशिणी पिशव्या भरून भावाची वाट बघत बसतात. या दिवसांत लोकांना आमरस आठवतो, खापरावरची पुरणपोळी आठवते, गौराईची गाणी आठवतात. मलाही आठवतात, नाही असं नाही. पण त्या सगळ्याच्या आधी मला एक बाई आठवते आणि माझं डोकं तापतं. उन्हाचा त्यात फारसा दोष नसतो.

ती बाई म्हणजे माझी संपादक. ऐंशीच्या दशकात जळगावातून बायकांसाठी फॅशनचं एक मासिक निघायचं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तेवढीही प्रसिद्धी माझ्या हातून त्याला मिळायला नको. छापखान्याच्या वर दोन खोल्या, एक टेबलफॅन, एक लांब टेबल आणि त्यावर कात्री, रबर सोल्यूशन, फोटोंच्या प्रिंटा. मी एरंडोलची. नावाला उपसंपादक होते, कामाला पडेल ते करणारी. बाई मूळच्या पुण्याच्या. लग्न होऊन जळगावला आल्या, मेहरूणला राहायच्या. नवरा डॉक्टर होता. संपादकीयावर त्यांचं पूर्ण नाव छापून यायचं, पण मालक असलेल्या शेटजींपासून मशीनमनपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

बाई दिसायच्या मात्र छान. शत्रूचं रूप नाकारण्यात काही मजा नाही. त्या बारा महिने मोतिया रंगाची सुती साडी नेसत. काठ बोटभर, कधी काळा, कधी तपकिरी, आणि कुठल्याही साडीवर एकच काळं ब्लाउज. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, उजव्या हातात चांदीचं एक जाड कडं. केस मानेपर्यंत कापलेले. आणि डोळ्यांवर काळा गॉगल. तो त्या जिना चढून आल्यावरही काढत नसत. टेबलाशी बसल्या, प्रिंटा पुढ्यात ओढल्या, की मग गॉगल कपाळावर सरकायचा. तेवढ्यापुरते त्यांचे डोळे दिसायचे. जळगावचा मे महिना माणसाला घामानं ओळखू येईनासा करतो, पण बाईंच्या साडीची चुणी संध्याकाळपर्यंत हलत नसे. मी त्यांच्याकडे पाहतच राहायचे. पहिलं वर्षभर तर मला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं, हेही सांगून टाकते, म्हणजे पुढचा राग कुठून आला ते कळेल.

त्यांचं काम बघण्यासारखं असायचं. शंभर प्रिंटा पत्त्यांसारख्या पसरायच्या आणि नखानं एकेक बाजूला सारायच्या. "ही नको. ही ओरडतेय." रंगाला त्या ओरडणं म्हणत. लाल ओरडतो, पोपटी ओरडतो, राणी रंग तर किंचाळतो. खानदेशात येऊन त्यांचे कान किटले होते, असं त्या हसत हसत सांगत. आमच्याकडच्या बायका उन्हानं पांढऱ्या पडलेल्या मुलखात राहतात. डोळ्यांना काहीतरी थंड, काहीतरी हिरवं हवं असतं. हे मला तेव्हा सांगता आलं नाही. मी त्यांच्याबरोबर हसायचे.

मासिकातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं सदर होतं 'हे टाळा'. अंकाच्या शेवटी एक काळं-पांढरं पान. लग्नात, बाजारात, एस. टी. स्टँडवर काढलेला कुणातरी बाईचा फोटो, खाली बाईंच्या लेखणीतले दोन-तीन टोचरे शब्द, आणि ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. पट्टी चिकटवायचं काम माझं. काळ्या कागदाची बारीक चिंधी कापायची, मागे सोल्यूशन लावायचं आणि डोळ्यांवर आडवी बसवायची. कितीतरी बायकांचे डोळे मी असे बंद केले असतील. त्या कुणाच्या कोण होत्या, मला ठाऊक नव्हतं.

मग माझ्या ताईचं लग्न निघालं. आखाजी झाल्यावर लगेचचा मुहूर्त, एरंडोललाच, घरासमोर मांडव. मी बाईंना आमंत्रण दिलं आणि त्या आल्यादेखील, लग्नसराईच्या अंकासाठी फोटोग्राफरला घेऊन. मला केवढं भूषण वाटलं होतं. मांडवात त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची, वेगळा पंखा. बायका त्यांच्या गॉगलकडे बघत होत्या आणि मी बायकांकडे.

त्या दिवशी आमच्या मांडवात खरी वाट कुणाची होती, तर मामाची. आईचा धाकटा भाऊ, धुळ्याकडे शेती करणारा. माझ्या वडिलांशी एका लग्नातल्या मानपानावरून त्याचं बिनसलं होतं आणि कित्येक वर्षं त्यानं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आखाजीला शेजारणींचे भाऊ यायचे, आई दारात उभी राहून त्यांना पाणी द्यायची. लेकीच्या लग्नातही भाऊ आला नाही तर काय, हा प्रश्न तिनं तोंडातून काढला नव्हता. पण सकाळपासून तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवरीच्या आईला तिच्या माहेरचा आहेर मांडवातच येतो. भाऊ साडी आणतो आणि ती साडी तिनं उभ्या उभ्या आत जाऊन नेसून यायची, अक्षता पडायच्या आत. ब्लाउज बदलायला वेळ नसतो, आणि त्या रंगाचं ब्लाउज असणार तरी कुठून. साडी कुठली येणार हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून आमच्या मांडवात बायकांची नजर आधी नवरीच्या आईच्या ब्लाउजवर जाते. रंग जुळला नाही, तर त्या मनात म्हणतात, हिचा भाऊ आला. ब्लाउज साडीला अगदी शोभून दिसलं, तर बायका आपसात डोळ्यांनी बोलतात आणि तिच्याशी जरा जास्तच गोड वागतात.

मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला असताना मामा आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. वडिलांना त्यानं हात जोडले, वडिलांनी त्याला जवळ ओढलं. मामानं बगलेतलं पुडकं सोडलं. पोपटी साडी, राणी रंगाचा काठ. "अक्का, मी सोता निवाडी लयनू. नेस आते." भावानं स्वतः निवडून आणलेली ती साडी घेऊन आई आत गेली आणि नेसून बाहेर आली. अंगावर जांभळं ब्लाउज, साडीवर दुकानातल्या घडीच्या चौकोनी चुण्या, एक निरी वर, एक खाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात फोटोग्राफरनं खटका दाबला.

लग्नाची रजा संपवून मी कामावर गेले, तर लांब टेबलावर 'हे टाळा'चं पान तयार होतं. फोटोत माझी आई होती. पट्टी या खेपेस बाईंनी स्वतःच लावली होती, जरा वाकडी. खाली शब्द होते: 'पोपटी साडी, त्यावर जांभळं ब्लाउज. घडीच्या चुण्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. एवढी घाई कसली?'

मी म्हटलं, ही माझी आई आहे. बाईंनी गॉगल कपाळावर सरकवला, फोटो पाहिला, मला पाहिलं. मांडवाच्या गडबडीत आईची ओळख करून द्यायची राहूनच गेली होती, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, एवढं मी मान्य करते. पण पुढे त्या जे बोलल्या, ते मला माफ करता येत नाही. त्या म्हणाल्या, "चेहरा कुठे दिसतोय? आणि कुंदा, तुमच्या एरंडोलला हा अंक वाचतं कोण?" मी खूप विनवलं. त्यांनी पान खाली छापायला पाठवून दिलं.

काळं ब्लाउज कुठल्याही साडीवर त्यांनी घातलं तर ती त्यांची खास ढब, आणि माझ्या आईनं जांभळं घातलं तर 'हे टाळा'. रीत काय आहे हे मी त्यांना तेव्हाच सांगू शकले असते. मुद्दाम सांगितलं नाही. ज्या माणसाला आपल्या मुलखातलं काही कळावं असं वाटत नाही, त्याला ते फुकट का द्यावं? राहू दे अडाणी, असं मी ठरवलं, आणि तो अडाणीपणा पुढे कित्येक वर्षं मला खुशीत ठेवत होता.

एरंडोलला तो अंक सगळ्यांनी वाचला. पट्टीनं कुणाचं काय अडतं? साडी ओळखीची, मांडव ओळखीचा, मागे उभी असलेली काकू ओळखीची. आईनं अंक हातात घेतला, तो फोटो पाहिला. ब्लाउजबद्दल ती काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मना डोया झाकात त्यास्नी. मी काय चोरी करेल शे?" वर्तमानपत्रात चोरांच्या डोळ्यांवर तशी पट्टी तिनं पाहिलेली होती. साडी पेटीत तळाशी गेली.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की याच पानावर, याच शब्दांत, डोळ्यांवर अशीच पट्टी लावून या बाईंचा फोटो छापीन. नोकरी सोडली असती तर हा सूड हातचा गेला असता. म्हणून टिकून राहिले. लोकांना वाटलं, पोरगी चिकाटीची आहे.

दरम्यान हात शिवशिवायचे. बाईंच्या साड्या इस्त्रीहून ऑफिसातच येत. परटाला मी बाईंच्या नावानं निरोप दिला की खळ दुप्पट घाल. दुसऱ्या दिवशी बाई जिन्यावरून पापडाचा आवाज करत आल्या, बसताना साडी त्यांच्याआधी खुर्चीत बसली. मला दिवसभर हसू आवरेना. पण महिन्याभरात जळगावच्या प्राध्यापिका आणि डॉक्टरणी तशाच कडक साड्या नेसून फिरायला लागल्या. या बाईंचं नशीबच तसं होतं. त्यांच्यावर चिखल उडवला तर ठिपक्यांची फॅशन निघाली असती.

खरा घाव पुढच्या आखाजीला बसला. मामा आता दर वर्षी आईला न्यायला यायचा. आला, त्यानं पुडकं सोडलं, आणि आतून बिस्किटी रंगाची साडी निघाली, काठ बोटभर. मामा खुशीत होता. "त्या बाईना मासिकमा दखाडेल शे तशीच लयनू, अक्का. आते कोन्ही हसाव नही." त्या गड्यानं वर्षभर मासिक आणून वाचलं होतं. आपल्या आवडीमुळे बहिणीचं हसं झालं, हे त्यानं मनाला लावून घेतलं होतं. आईनं ती साडी नेसली, पुढच्या वर्षीची राखाडी नेसली, त्याच्या पुढची मळकट पांढरी. जिला झोक्यावर उंच जाताना पदर लखलखीत हवा असायचा, ती माझी आई आखाजीच्या झोक्यावर आजारातून उठल्यासारखी दिसायची. भावाचं मन मोडू नये म्हणून एका शब्दानं बोलली नाही. मी प्रत्येक साडी मनात बाईंच्या नावावर मांडत गेले.

आणि मग, नव्वदी उजाडल्यावर, बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इंजिनियर, घर पहूरचं, केळीच्या बागा असलेलं. लग्न जळगावला, मंगल कार्यालयात, मे महिन्यात. बाईंनी सगळं स्वतः आखलं होतं. फुलं पांढरी, मांडव पांढरा, स्वतः मोतिया रेशमी साडीत, आणि त्या एका दिवसापुरतं काळं ब्लाउज सोडून मोतियाच ब्लाउज. साडीला इतकं जुळणारं की कुठे साडी संपते आणि कुठे ब्लाउज सुरू होतं ते कळू नये. गॉगल होताच.

पहूरच्या बायका रांगेनं आल्या आणि सगळ्यांची नजर बरोबर तिथे गेली. ब्लाउजवर. मग एकमेकींकडे. मला ते वाचायला चष्मा लागला नाही. बाईंचं माहेरचं कुणी आलेलं नव्हतं. पुण्याला एक भाऊ होता, त्याच्याशी बोलणं नव्हतं, हे मला फोनवरच्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांवरून कळलेलं होतं. विहीणबाईंनी जवळ येऊन अगदी हळुवारपणे विचारलं, माहेरची मंडळी उशिरा येणार का? बाई म्हणाल्या, आम्ही हे मानत नाही. विहीणबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्या जरा जास्तच गोड बोलायला लागल्या. बाईंना तो गोडवा कळला नाही, पण काहीतरी चुकतंय एवढं कळलं असावं. त्या एकसारखं कडं फिरवत होत्या. मी पंख्याखाली बसून ते बघत होते आणि मला मनापासून बरं वाटत होतं. आमरसाचं पातेलं एकटीच्या पुढ्यात आल्यासारखं.

आई आणि मामा दोघंही आले होते. आमंत्रण आलं की जायचं असतं, असं आईचं म्हणणं. मामा माझ्या शेजारी बसला होता. त्यानंही बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "बाईले भाऊ नही का?" मी म्हटलं, आहे, आला नाही. तो उठला. मला वाटलं, पाणी प्यायला गेला. भर दुपारी, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, तो बाजारात जाऊन आला. बगलेत पुडकं होतं.

 मी त्याचा हात धरला, म्हटलं, मामा, हीच ती बाई. आईच्या डोळ्यांवर पट्टी लावणारी. तो म्हणाला, "माले माहीत शे." आणि हात सोडवून घेतला.

तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला, पुडकं सोडलं. पोपटी साडी, राणी काठ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मासिकाला न विचारता रंग निवडला होता. "बाई, तुम्हनं माहेर दूर शे. मी शे ना. नेसी ल्या आते." बाईंनी गॉगल काढला. साडीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. "आत्ता?" त्यांनी विचारलं. माझी आई पुढे झाली आणि त्यांना आत घेऊन गेली.

त्या बाहेर आल्या तेव्हा मोतिया ब्लाउजवर पोपटी साडी होती, चौकोनी चुण्यांची, एक निरी वर, एक खाली. पहूरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विहीणबाईंचं गोड बोलणं बंद होऊन त्या साधं बोलायला लागल्या. बाईंना ते का, हे कळलं नाही. आईनं त्यांच्या कानाशी लागून दोन वाक्यांत रीत सांगितली. मी जे इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, ते आईनं असं उभ्या उभ्या देऊन टाकलं. फोटोग्राफरनं खटका दाबला. मी मात्र मनात म्हटलं, घ्या, देवानंच पान हातात आणून दिलं.

प्रिंट आली. मी माझ्या हातानं पान लावलं. 'हे टाळा.' काळ्या कागदाची चिंधी कापली आणि बाईंच्या डोळ्यांवर आडवी बसवली, अगदी सरळ. खाली त्यांचेच शब्द: 'पोपटी साडी, त्यावर मोतिया ब्लाउज. घडीच्या चुण्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. एवढी घाई कसली?' पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि जागेवरून हलले नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्याच्यासाठी मी ही नोकरी केली होती.

बाईंनी गॉगल कपाळावर सरकवला. पान पाहिलं. शब्द वाचले, पुन्हा वाचले. त्यांना आठवलं. ते मला त्यांच्या मानेवरून कळलं, मान एकदम खाली गेली. मग त्या मला म्हणाल्या, "पट्टी काढ, कुंदा. माझा भाऊ आला होता. चेहरा दिसू दे."

मी नखानं ती पट्टी काढली. सोल्यूशन ओलं होतं, सहज निघाली. खालचे डोळे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. अगदी माझ्या आईच्या चेहऱ्यावर होतं, तेच त्या डोळ्यांत होतं. पान तसंच छापलं गेलं, पट्टीशिवाय. सदराचं नावही त्यांनी काढायला लावलं आणि खाली फक्त दोन शब्द लिहिले, 'भाऊ आला'. त्या लग्नसराईत जळगावच्या शिंप्यांकडे बायका मुद्दाम न जुळणारी ब्लाउजं शिवायला टाकत होत्या. मामा तो अंक सगळ्या भावकीत दाखवत फिरला. पुढच्या आखाजीला त्यानं आईला लालभडक साडी आणली. सगळ्यांचं सगळं मिटलं. माझाच सूड तेवढा मधल्यामध्ये लुबाडला गेला.

बाईंनी माझी माफी मागितली नाही असं नाही. मागितली. मी म्हटलं, माफी नको, आईच्या फोटोची निगेटिव्ह द्या. लग्नात आमचा स्वतःचा फोटोवाला नव्हता, बाईंचा येणार म्हणून मीच वडिलांना नको म्हटलं होतं. बाईंनी कपाट उघडलं, पाकिटं उपसली, स्वतः जमिनीवर बसून शोधलं. जुन्या निगेटिव्ह उन्हाळ्यात एकमेकींना चिकटल्या म्हणून कधीतरी टाकून दिल्या होत्या.  मी जिना उतरले आणि त्या महिन्यात नोकरी सोडली.

आता मामा नाही, आई नाही. पोपटी साडी माझ्याकडे आहे. बाई आहेत. म्हाताऱ्या झाल्या आहेत, मेहरूणला तलावाकाठी काठी टेकत फिरतात, कधी कधी पोपटी साडी नेसून. मला बघितलं की थांबतात. मी 'बरं आहे ना' म्हणते आणि पुढे जाते.

परवा झोका बांधलेला पाहिला आणि मी पेटीतून तो अंक काढला. मामा मांडवात आला त्या दुपारचा आईचा तेवढा एकच फोटो जगात आहे. साडीचा रंग त्यात नाही, तो मला पाठ आहे. तिच्या डोळ्यांत काय होतं, तेही मला पाठ आहे. पण माझी नात शेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, "आजी, हिचे डोळे का झाकलेत?" तिनं बोटानं ती पट्टी खरवडून पाहिली. बाईंची मी नखानं काढली होती. ही शाईत छापलेली आहे.